कूलरखालची तगर

चाळीस रोपांचे २,८०० रुपये, आणि घरापर्यंत आणून टाकायचे वेगळे. हिंगणा रोडवरच्या नर्सरीवाल्यानं हिशेब सांगितला तसे आमचे हे माझ्याकडे पाहायला लागले. बेशाचा आमचा प्लॉट कोपऱ्यावरचा. वॉल कंपाउंडच्या रस्त्याकडच्या दोन बाजू मिळून ७० फूट भरतात. तिथे आतल्या अंगानं फुलझाडांची ओळ हवी, ही माझी हौस. दोन फुटांवर एक झाड धरलं तर ३५ रोपं, मर धरून ४०. मी ऐटीत म्हटलं, "तगर काय विकत आणायची? माहेरी धरमपेठेत ढिगानं आहे. काड्या आणते नि लावते."

हे झालं मार्चच्या शेवटी. नागपुरात राहून मार्चच्या शेवटी काड्या लावायला निघालेली बाई कशी असेल, ते तुम्हीच ठरवा.

माहेरून तगरीच्या तीसेक, लाल जास्वंदीच्या वीसेक काड्या आणल्या. आमच्याकडे एकेरी तगरीला चांदणीही म्हणतात. संध्याकाळी हिरव्यागार झाडावर पांढऱ्या चांदण्या दिसतात, नाव अगदी शोभतं. काळ्या पिशव्या आणल्या, प्लॉटवरचीच काळी माती भरली, काड्या खोचल्या आणि सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घालायला लागले. आठव्या दिवशी काड्यांचे डोळे फुगले. पंधराव्या दिवशी चिमुकली पोपटी पानं आली. मी फोटो काढून बहिणीला पाठवले. सासूबाईंनी तेवढं विचारलं, "मुळं फुटली का?" मी म्हटलं, "आई, पानं आलीत म्हणजे मुळं असणारच ना!"

असं काही असत नाही. काडीत साठवलेलं अन्न असतं, त्यावर ती पानं काढू शकते. म्हणजे बँकेतली जुनी ठेव मोडून दिवाळी करण्यातला प्रकार. पानं आली की त्यांच्यातून पाणी उडायला लागतं, आणि खालून पाणी ओढायला मुळं नसतात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा ४३-४४ च्या घरात गेला, दुपारची झळ सुरू झाली, आणि तीन दिवसांत माझी सगळी पोपटी पानं चहाच्या पत्तीसारखी चुरडली. एकेक काडी उपटून पाहिली. वरून खडखडीत वाळलेली, खालून काळी, बुळबुळीत. एकाच काडीला वरून तहान लागली होती आणि खाली ती पाण्यात सडत होती. पन्नासांपैकी एकीलाही मूळ नव्हतं.

ह्या पन्नासांशिवाय जास्तीच्या आणलेल्या आठ-दहा काड्या बादलीत पडून होत्या. त्या मी वैतागून मागच्या बाजूला फेकल्या आणि विषय संपवला. ह्यांनी चांगुलपणा केला, २,८०० रुपयांचा उल्लेख मे महिनाभर केला नाही.

पुढची गोष्ट कूलरची आहे. आमच्या मागच्या खोलीचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतो, उत्तरेकडच्या भिंतीला. त्याची टाकी एका कोपऱ्यातून थेंब थेंब गळते. दर वर्षी एम-सील लावतो, दर वर्षी गळते. २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, झाला, मृग कोरडा गेला, जूनच्या मध्याला पावसानं एकदाचं तोंड दाखवलं, आणि कूलर बंद करून आम्ही त्याच्या भुशाच्या ताट्या काढायला घेतल्या. स्टँडखाली वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला: ताट्यांमधून गळलेला लाकडाचा भुसा, बांधकामाच्या वेळची उरलेली रेती, वाऱ्यानं आलेली धूळ. त्या गाळात माझी फेकलेली एक काडी आडवी, अर्धी बुडून पडली होती. तिला चार इंचांचे दोन हिरवे कोंब होते. कचरा म्हणून ओढायला गेले तर निघेना. बोटानं गाळ बाजूला केला, तर खाली बोटभर लांबीची पांढरी मुळं. तगर! नवतपा काढून जिवंत! शेजारी आणखी एक, तशीच.

मी तिथे उकिडवी बसून राहिले. पन्नास काड्यांना दोन वेळा पाणी घातलं, त्या मेल्या. फेकलेल्या दोन जगल्या. का?

त्या जागेला काय होतं, ते मी एकेक करून पाहिलं. दिवसभर ऊन नाही. एका बाजूला भिंत, वर टाकी, दुसऱ्या बाजूला ह्यांनी ठेवलेली फुटकी फरशी. म्हणजे झळ आत शिरत नाही. गाळ ओला, पण रेती नि भुशाचा, त्यामुळे पाणी थांबत नाही, हवा खेळती राहते. आणि त्या बोळकांडीत ओल्या जमिनीची वाफ कोंडलेली, म्हणजे हवाही दमट. मेमध्ये नागपूरची दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. त्या हवेत ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो, काडीची काय कथा. मी मातीला पाणी पाजत होते. काडीला मात्र ओली हवा हवी होती. मुळं नसलेल्या काडीला माती कितीही ओली करा, ते पाणी तिला पुरेसं ओढता येत नाही. वरचं उडणं कमी करायचं, आणि मुळं येईपर्यंत तिला तग धरू द्यायची, एवढंच आपल्या हातात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा माहेरी गेले. ह्या वेळी पिशवीत ओलं फडकं होतं.

जास्वंदीच्या काड्या निवडायला दादांनी मदत केली. दादा म्हणजे माहेरच्या बागेत आठवड्यातून एकदा येणारे माळी, मूळचे काटोलकडचे. संत्र्याच्या पनेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, डोळे भरण्यात, म्हणजे कलमं बांधण्यात, त्यांची अर्धी हयात गेली आहे. आपली नागपुरी संत्री बहुतेक जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरून तयार होतात. त्यांचा हात पाहायला मिळाला हे माझं नशीब. हिरवी, लवचिक शेंड्याची काडी घ्यायची नाही, ती सडते. बुंध्याची राखाडी, जुनी काडी आळशी. मधली, पेन्सिलीच्या जाडीची, साल हिरवटातून तपकिरीकडे वळणारी. वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, कारण मुळं बहुतेक तिथूनच येतात. कळ्या असतील तर खुडायच्या. फुलाच्या मागे काडीची शक्ती जाते. खालची पानं काढायची, वरची दोन ठेवायची आणि तीही कात्रीनं अर्धी करायची. अर्धी पानं पाहून मला वाईट वाटलं, तर दादा म्हणाले, "ताई, तिले पाणी प्यायले तोंडच नाही आता. पानं कायले ठेवता एवढी?" जे मला कळायला कूलर लागला, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आधी विचारलं असतं तर!

तगरीच्या कापातून पांढरा चीक येतो. तो धुऊन, काडी दहा मिनिटं सावलीत ठेवून मग लावली. दोन कण्हेरीच्याही काड्या घेतल्या, त्या मात्र पाण्याच्या बाटलीतच ठेवल्या. कण्हेर बाटलीतही मुळं धरते. फक्त कण्हेर सगळीच विषारी, ते बाटलीतलं पाणीसुद्धा. घरात लहान मूल असेल तर ही बाटली खिडकीत शोभेला ठेवू नका. कापून झाल्यावर हात साबणानं धुवायचे.

काळी माती ह्या वेळी बादच केली. आपली काळी माती कपाशीला सोनं असेल, पण भिजली की लोण्यासारखी चिकट आणि वाळली की भेगा. काडीला हवा मिळत नाही. अर्धी कन्हानची जाड रेती, अर्धं कोकोपीट. रेती चाळून, धुऊन घेतली. मुळं फुटायची पावडर कृषी केंद्रातून आणली. ती चिमूटभरच लागते, काडीचं टोक त्यात बुडवून झटकायचं. काडी खोचताना पावडर पुसून जाऊ नये म्हणून आधी दुसऱ्या काटकीनं भोक पाडायचं. पावडरीशिवायही तगर येते, हे कूलरनं सिद्ध केलंच होतं. जास्वंदीला मात्र फरक पडला असं मला वाटतं. शपथेवर सांगणार नाही.

आणि ओली हवा? इथे माझं डोकं चाललं, ह्याचा मला आजही अभिमान आहे. ब्लँकेट विकत घेतलं की ते एका जाड, पारदर्शक, चेनवाल्या पिशवीत येतं. प्रत्येक नागपुरी घरात अशा चार तरी पिशव्या दिवाणाखाली असतात, आणि "कामात येईल" म्हणून कुणी त्या फेकत नाही. त्या कामात आल्या! एका पिशवीत पाच-सहा कुंड्या उभ्या राहिल्या, आत चार कामट्या उभ्या केल्या म्हणजे प्लॅस्टिक पानांवर टेकत नाही, आणि चेन बंद. तासाभरात आतून घाम सुटला. पिशव्या उत्तरेच्या भिंतीला, सावलीत. हे महत्त्वाचं आहे: पावसाळ्यात दोन दिवस उघाड पडली आणि एका पिशवीवर दुपारचं ऊन आलं, तर आतल्या सहा कुंड्यांची भाजी झाली. शब्दशः शिजल्या.

त्यानंतर करायचं काय, तर काही नाही. ह्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नसेल. आठवड्यातून एकदा चेन उघडायची, गळलेलं पान उचलायचं नाहीतर त्याला बुरशी येते, हवा बदलायची, चेन लावायची. पाणी जवळजवळ लागतच नाही. उपटून पाहायचं तर मुळीच नाही. मी एक काडी ठरवून बळीची बकरी केली होती. तीच पाहायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात तिच्या टोकाला पांढरट, चुन्याच्या दाण्यांसारखं काहीतरी जमा झालं होतं. मला वाटलं कीड. दादांना दाखवलं तर म्हणाले, आता ह्याच्या आसपासच मूळ निघते. जखमेवर खपली धरते तसं ते काडीचं भरून येणं.

सगळं गोड झालं असं नाही. माहेरच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होता, काड्यांबरोबर मी तोही आणला. दमट, बंद, उबदार पिशवी म्हणजे त्याच्यासाठी जावयाचा पाहुणचार. ऑगस्टच्या शेवटी जास्वंदीच्या सगळ्या बेचक्यांत कापूस भरल्यासारखं पांढरं दिसायला लागलं, मुंग्यांची रांग वेगळी. पोळ्याचा दुसरा दिवस होता. तिकडे शहरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" चाललेलं, आणि इकडे मी दाताच्या जुन्या ब्रशनं एकेक ढेकूण साबणाच्या पाण्यात घालत होते, तोंडानं तेच म्हणत. नंतर निंबोळी तेल मारलं, आठ दिवसांनी पुन्हा मारलं. वीसांतल्या अकरा जास्वंदी वाचल्या. आता कुठूनही काडी आणली की आधी ती साबणाच्या पाण्यात धुऊनच आत येते.

तगरीचा निकाल मात्र असा लागला की ह्यांनाच मोजायला लावलं. पिशवीत शिजलेल्या वगळून ३८ काड्या होत्या, त्यातल्या ३१ लागल्या. लागली की नाही हे ओळखायची खूण: काडी दोन बोटांत धरून अगदी हलकं ओढायचं. ती आपल्याला उलट ओढते आहे असं वाटलं की लागली. मग चेन रोज थोडी थोडी उघडी ठेवायची, आठवडाभरात पूर्ण. एकदम उघडली तर माना टाकतात. एसीतून बाहेर आलेल्या माणसासारखं होतं त्यांचं.

सासूबाई हा सगळा कारखाना खुर्चीवरून पाहत होत्या. एक दिवस त्यांनी अंगणातल्या मोगऱ्याची एक लांब फांदी खाली वाकवली, मधल्या डोळ्यापाशी नखानं थोडी साल खरवडली, ती जागा मातीत दाबली, वर एक अर्धी वीट ठेवली आणि चहा प्यायला आत गेल्या. झालं. ना पावडर, ना पिशवी. फांदी आईच्या अंगाला लागलेलीच आहे, पाणी तिला तिकडून मिळतंय. मुळं सावकाश फुटू देत. हे दाब कलम. दिवाळी झाल्यावर वीट उचलली आणि आईकडची बाजू कापली, तर झुपकेदार मुळांचं तयार रोप हातात आलं. "एवढंच होतं," म्हणाल्या. मी काही बोलले नाही.

कुंतीचं, म्हणजे नर्सरीवाले जिला कामिनी म्हणतात तिचं, मी काड्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं. एकही लागली नाही. तिची लाल फळं मिळाली तर ताजी चोळून, गर धुऊन बी लगेच पेरावं, तीच सोपी वाट. बुलबुलांच्या आधी आपल्याला मिळायला हवीत एवढंच.

क्रोटनची गुटी दादांनी बांधून दिली. बोटभर जाडीच्या फांदीची इंचभर साल गोल काढली, आतला ओलसर थर सुरीनं नीट खरवडला, भिजवून पिळलेलं शेवाळ मुठीएवढं गुंडाळलं, वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. तो थर खरवडला नाही तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळं फुटतच नाहीत. दीड महिन्यानं प्लॅस्टिकमधून मुळं दिसली. एका फांदीवरून दोन फुटांचं तयार झाड मिळालं. काडीतून एवढं व्हायला दीड वर्ष लागलं असतं.

लावणीत मी पुन्हा घाई केली. सप्टेंबरच्या सुरुवातीला दहा तगरी कंपाउंडजवळ लावल्या. दीड फुटाचे चौकोनी खड्डे, त्यात शेणखत, रेती, निंबोळी पेंड, अगदी पुस्तकाप्रमाणे भुसभुशीत. दोन दिवस झोडपून पाऊस झाला आणि दहाही खड्डे विहिरी झाले. चारी बाजूंना काळ्या मातीची घट्ट भिंत, मधे सैल माती. आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच मुरायला येतं आणि निघायला वाट नाही. मी झाडांसाठी खड्डे केले नव्हते, हौद बांधले होते. सात गेल्या. दसऱ्यानंतर उरलेल्या लावल्या तेव्हा पद्धत उलटी केली: जमीन फक्त खणून मोकळी केली, त्यात मुरूम नि खत मिसळलं आणि वर वीतभर उंचीचा लांब वरंबा ओढला. झाडं वरंब्यावर. एकही गेली नाही. एका कोपऱ्यात उधई, म्हणजे वाळवी, लागली, कारण तिथे मी न कुजलेलं शेण घातलं होतं. तो सगळा ढीग उचलला, चांगलं मुरलेलं खत घातलं.

अनंताचं दुखणं अजून चालू आहे. आठांतल्या पाच काड्या लागल्या, दोन महिने घेऊन. त्यातले तीन अनंत जमिनीत लावले आणि महिन्याभरात नवी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. मी पाणी वाढवलं. युरिया घातला. आणखी पिवळी. दादांनी लांबूनच पाहून सांगितलं, "संत्र्याले बी असंच होते, चुनखडीच्या जमिनीत." आपल्या ह्या मातीत चुना जास्त, बोअरचं पाणीही जड, जमिनीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही. मग ते तिन्ही कुंडीत हलवले, भरपूर पानांच्या खतात. गच्चीवरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवते ते त्यांच्यासाठी. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी फवारते. एक हिरवा झाला, एक होऊ का नको करतो आहे. तिसरा गेला.

कूलरच्या टाकीतलं पाणी झाडांना घालायचा मोह मला झाला होता, एवढं शिकवलं म्हटल्यावर. घालू नका. ते आटून आटून खारट झालेलं असतं. ताट्यांवर धरणारा पांढरा थर तोच. जुन्या ताट्या मात्र मी पावसाळाभर उघड्यावर धुऊन निघू दिल्या आणि ह्या उन्हाळ्याआधी त्यांचा भुसा वरंब्यावर अंथरला, चार बोटं जाड. वरून हिरवी जाळी. मेमध्ये एक दिवसाआड पाण्यावर तगर तगली.

खर्चाचा हिशेब ह्यांनी वहीत मांडून ठेवला होता: कोकोपीट, रेती, पावडर, निंबोळी तेल, जाळी, दादांचे दोन दिवस. एकूण २,६५०. "दीडशे रुपये वाचले," ते म्हणाले, आणि हसले नाहीत, म्हणून मी हसले.

मार्चमध्ये कूलर लावायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघं तो धरून मागच्या खिडकीपाशी गेलो. स्टँडखालच्या त्या दोन तगरी मी हलवल्या नव्हत्या. वर्षभरात त्या स्टँडच्या दांड्यांमधून वर आल्या होत्या, कमरेएवढ्या. कूलर ठेवायचा तर त्या छाटाव्या लागणार. कूलर हातात जड होता. ह्यांनी एकदा तगरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "चल, समोरच्या खिडकीला लावू. तिथे एम-सील तरी नीट दिसेल."